ऑक्टोपसला भिऊ नये

पाण्याखाली जाऊन आलेला माणूस ओळखायचा असेल, तर त्याच्यापुढे सहज ‘ऑक्सिजनचा सिलिंडर’ असं म्हणावं. तो खरा डायव्हर असेल तर हातातला घास ताटात ठेवेल, डोळे मिटेल आणि म्हणेल, “हवा. हवेचा सिलिंडर.” आणि ते खरंच असतं. आपण रस्त्यावर फुकट घेतो तीच हवा गाळून, कोरडी करून, दोनशे पट दाबून त्यात कोंबलेली असते. शुद्ध ऑक्सिजन ओढत कोणी सहा मीटरच्या खाली गेला, तर हाच प्राणवायू प्राणावर उठू शकतो, झटके येतात. त्याच माणसापुढे ‘गॉगल’ म्हणून पाहा. तो ‘मास्क’ म्हणेल. मास्कमध्ये नाकही आत असतं, त्यामुळे खोल जाताना नाकाने थोडी हवा सोडून आतला दाब सारखा करता येतो. गॉगलमध्ये ती सोय नाही, म्हणून खाली जावं तसा तो डोळे ओढायला लागतो. ‘फ्लिपर’ म्हटलंत तर ‘फिन’ अशी दुरुस्ती होईल. याचं कारण मात्र कोणीच देत नाही. फ्लिपर म्हणणारे लोक आपल्यातले नव्हेत, एवढंच.

हे शिक्षण मला आमच्या साडूंकडून मिळालं. ज्यांना साडू आहेत त्यांना सांगायला नको आणि ज्यांना नाहीत त्यांना सांगून कळणार नाही, की हे नातं म्हणजे एकाच सासऱ्याने दोन सज्जनांत आयुष्यभरासाठी लावून दिलेली स्पर्धा असते. साडू अंदमानात स्वराज द्वीपला, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकला, जाऊन ‘ओपन वॉटर डायव्हर’ होऊन आले. त्याचं कार्ड मिळतं, त्यावर फोटो असतो आणि अठरा मीटरपर्यंत जायची परवानगी असते. पुढे आणखी पाच ठरावीक डाइव्ह केल्या की माणूस ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ होतो आणि तीस मीटरची मुभा मिळते. इतक्या झटपट प्रगत होण्याची सोय दुसऱ्या कुठल्या क्षेत्रात असेल तर जरूर कळवावं.

माझी पात्रता मालवणपुरती आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास होडी थांबते, पाठीवर सिलिंडर बांधतात, आणि एक मालवणी तरुण तो सिलिंडर मागून धरून आपल्याला पाण्याखाली इकडून तिकडे फिरवतो. आपण फक्त श्वास घ्यायचा आणि व्हिडिओत हसायचं. धंद्याच्या भाषेत या प्रकाराला ‘डिस्कव्हर’ म्हणतात. कोणी काय डिस्कव्हर केलं याची नोंद कुठे ठेवत नाहीत. साडू स्वतःची ओळख ‘मी डायव्हर’ अशी करून देतात आणि माझ्याकडे हात दाखवून म्हणतात, “यांनीपण स्कूबा केलंय.” या दोन वाक्यांमध्ये निदान दहा मीटरचं अंतर आहे.

पण साडूंचं ऐकून ऐकून मला एक नियम सापडला, आणि तो त्यांच्या कार्डावर छापलेला नाही. या खेळात ज्या गोष्टीचं नाव ऐकून पोटात गोळा येतो ती बहुधा निरुपद्रवी असते. आणि जिचं नाव कानाला गोड लागतं, तिच्यापासून चार हात लांब राहावं.

ऑक्टोपसच घ्या. सिलिंडरमधली हवा थेट तोंडात आली तर गाल जागेवर राहायचे नाहीत. म्हणून ती दोन टप्प्यांत नरम करतात. सिलिंडरच्या तोंडाशी ‘फर्स्ट स्टेज’, आपल्या तोंडाशी ‘सेकंड स्टेज’, आणि सगळं मिळून ‘रेग्युलेटर’. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी व्यापलेल्या फ्रान्समध्ये पेट्रोलची टंचाई होती, मोटारी गॅसवर चालवाव्या लागत. त्यासाठी एमिल गान्यां नावाच्या इंजिनियरने एक झडप तयार केली होती. 1943 साली नौदलातल्या झाक कुस्तो यांनी आणि त्याने मिळून ती झडप मोटारीऐवजी माणसाला बसवली. माणसाने ओढली तरच हवा द्यायची, एरवी गप्प बसायचं, एवढंच तिचं काम. त्या एका झडपेवर आज मालवणपासून मालदीवपर्यंतचा सगळा धंदा उभा आहे. आता बरोबरच्या माणसाची हवा संपलीच तर त्याला द्यायला एक जादा सेकंड स्टेज पिवळ्या नळीवर लोंबत असते. तिचं नाव ऑक्टोपस. नळ्या मोजल्या तर चार भरतात, पण हिशेबाला कोण बसतो? मालवणच्या होडीत एक मुलगा दुसऱ्याला ओरडला, “अरे, हेचो ऑक्टोपस गळता मरे!” तेवढ्यावर सांगलीहून आलेल्या काकूंनी दोन्ही पाय बाकावर घेतले, ते किनारा येईपर्यंत खाली ठेवले नाहीत. वास्तविक त्या होडीत त्यांचा जीव वाचवू शकेल अशी वस्तू तीच होती.

‘पर्ज’चंही तसंच. पर्ज म्हटलं की रशियात माणसं नाहीशी व्हायची. इथे ते रेग्युलेटरवरचं एक बटण आहे. दाबलं की आत शिरलेलं पाणी फुर्र करून बाहेर जातं. ‘रेक डाइव्ह’ म्हणजे बुडालेल्या जहाजाची भेट. गोव्यात ग्रँड आयलंडजवळचं ‘सूझीज रेक’ पाहायला माणसं सहकुटुंब जातात. ‘जायंट स्ट्राइड’ ऐकल्यावर वामनाचं तिसरं पाऊल डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात एका हाताने मास्क धरायचा आणि होडीच्या कडेवरून पाय पुढे टाकायचा. बाकीचं काम गुरुत्वाकर्षण करतं. आणि ‘सेफ्टी सॉसेज’ हे नाव ऐकून आमच्या शाकाहारी साडूंनी नाक मुरडलं होतं, ती तर नुसती नारिंगी रंगाची लांब फुगवायची पिशवी. वर आल्यावर ती उभी धरली की होडीवाल्याला आपण लांबून दिसतो. पाण्यात तरंगताना आपण स्वतःला केवढेही मोठे वाटलो, तरी होडीतून आपलं डोकं म्हणजे एक नारळ. साडूंनी ती पिशवी आता स्वतःची विकत घेतली आहे.

या खेळाचं खरं तर्कशास्त्र मात्र वजनात आहे. पाणी गार असतं म्हणून रबरी ‘वेटसूट’ घालायचा. वेटसूट तरंगतो, म्हणून कमरेला शिशाचे ठोकळे बांधायचे. शिसं बुडतं, म्हणून ‘बीसीडी’ नावाच्या जाकिटात हवा भरायची. खोल गेलं की वेटसूट दाबाने चेपतो आणि कमी तरंगतो, म्हणून जाकिटात आणखी हवा घालायची. वर येऊ लागलं की तीच हवा फुगते, म्हणून ‘डंप व्हॉल्व्ह’ उघडून ती सोडून द्यायची. एवढं सगळं करून जे साधायचं त्याचं नाव ‘न्यूट्रल बॉयन्सी’, म्हणजे बुडायचं नाही आणि तरंगायचंही नाही. ते जमलं की नुसत्या श्वासावर माणूस वीतभर वर आणि वीतभर खाली होतो. साडूंना ते जमतं असं ते सांगतात. सोसायटीच्या निवडणुकीत त्यांना कधी जमलेलं नाही.

पाण्यात एकट्याने जायचं नसतं, ‘बडी’ लागतो. उतरण्याआधी बडीने बडीचं सामान तपासायचं: बीसीडी, वजनं, बकलं, हवा आणि शेवटी एकदा सगळं ठीक आहे ना. या पाचांचा क्रम लक्षात राहावा म्हणून जगभरचे प्रशिक्षक इंग्रजी आद्याक्षरं घेऊन ‘ब्रूस विलिस रुइन्स ऑल फिल्म्स’ असं पाठ करून घेतात. त्या नटाने यांचं काय घोडं मारलंय कोणास ठाऊक. आमच्या मेहुणीने, म्हणजे साडूंच्या सौभाग्यवतींनी, त्याच अक्षरांवर मराठी वाक्य बसवलं: ‘बायको वैतागली, रिक्षा आली, फटाफट!’ हॅवलॉकच्या किनाऱ्यावर त्या हे मोठ्याने म्हणत साडूंची बकलं ओढून पाहत असत. शेजारच्या जर्मन जोडप्याला तो एखादा मंत्र वाटला आणि त्यांनी हात जोडले.

पाण्यात बोलता येत नाही, म्हणून सगळा कारभार खुणांवर चालतो. आवाज पाण्यात हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने पळतो आणि दोन्ही कानांवर जवळपास एकदमच आदळतो. त्यामुळे सिलिंडरवर ठोकून हाक मारली तरी ती कुठून आली ते कळत नाही. खुणा कमी आहेत आणि पक्क्या आहेत. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला तर ‘ठीक’. पंजा आडवा धरून हलवला तर ‘काहीतरी बिघडलंय’. मूठ छातीवर आली तर ‘हवा कमी उरली’. गळ्यावरून आडवा हात फिरवला तर ‘हवा संपली’, आणि तेव्हा पिवळ्या नळीवर नजर जाते. अंगठा खाली म्हणजे ‘खाली चला’. आणि अंगठा वर म्हणजे ‘डाइव्ह संपली, वर चला’.

मालवणच्या समुद्रात रोज जे नाटक घडतं ते या शेवटच्या खुणेवर. होडीत सगळ्यांना नीट समजावून सांगितलेलं असतं. “अंगठो दाखवल्यात तर मी तुमका वर हाडतलंय,” असं तो मुलगा दोनदा बजावतो. सगळे माना डोलावतात. मग नाशिकचे एखादे काका खाली जातात. समोरून चट्टेरी माशांची झुंबड येते, कॅमेरा रोखला जातो आणि काका जन्मभर फोटोसाठी जे करत आले तेच करतात: दणदणीत अंगठा. मुलगा त्यांना वर आणतो. “काय झालं काका?” “काय व्हायचंय? मस्त आहे!” “मग अंगठो कित्याक दाखवल्यात?” “मस्त आहे म्हणून!” पुन्हा खाली, पुन्हा मासे, पुन्हा अंगठा. आमच्या वेळी एक काका असे वरखाली करत राहिले. त्यांच्या व्हिडिओत मासे थोडे आणि होडीचा तळ फार. काकांचं म्हणणं, पैसे वसूल झाले.

कानांचा विषय निघाला की साडू खुर्ची पुढे ओढतात. पाण्यात दर दहा मीटरला हवेच्या एका अख्ख्या वातावरणाएवढा दाब वाढतो. पृष्ठभागावर एक, दहा मीटरवर दोन, वीसवर तीन. कानाच्या पडद्याला हे सोसत नाही, म्हणून नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारायची आणि आतला दाब बाहेरच्याएवढा करायचा. याला ‘इक्वलाइझ’ करणं म्हणतात आणि या फुंकरीला ‘वाल्साल्व्हा’. आंतोनियो वाल्साल्व्हा हा इटलीतला शरीरशास्त्रज्ञ. त्याने 1704 साली कानावर ग्रंथ लिहिला आणि ही फुंकर सांगितली ती कानातला पू बाहेर काढायला. साडूंना हा तपशील जेवणाच्या ताटावरच आठवतो.

आता हिशेब पाहा. पहिल्या दहा मीटरमध्ये दाब दुप्पट होतो. पुढच्या दहात फक्त दीडपट. म्हणजे कानांच्या दृष्टीने जो अवघड भाग आहे तो मी मालवणात केला आणि सोपा भाग साडूंनी अंदमानात. साडूंना हे पटत नाही, पण रॉबर्ट बॉइलला 1662 पासून पटलेलं आहे. कानाची ही फुंकर चुकली आणि पडदा फाटला तर काय, याचं उत्तर जे. बी. एस. हॉल्डेन यांनी देऊन ठेवलंय. जीवशास्त्रातले हे मोठे गृहस्थ इंग्लंड सोडून भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि 1964 साली भुवनेश्वरला वारले. दाबाचे प्रयोग ते स्वतःवरच करत. पडदा बहुधा आपोआप भरून येतो, भोक राहिलंच तर थोडं कमी ऐकू येतं, पण त्या कानातून तंबाखूचा धूर काढता येतो आणि चारचौघांत भाव मिळतो, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलेलं आहे. हे वाचल्यावर साडूंनी दोन दिवस सिगारेटच्या पाकिटाकडे विचारपूर्वक पाहिलं.

इथवर सगळी गंमत झाली. आता गोड नावांकडे वळू या.

तीस मीटरच्या आसपास गेलं की हवेतला नायट्रोजन दाबाखाली डोक्यात चढतो. याला शास्त्रात ‘नायट्रोजन नार्कोसिस’ म्हणतात आणि डायव्हर लाडाने ‘नार्क होणं’ म्हणतात. कुस्तोने तर त्याला फ्रेंचमध्ये अथांगाची धुंदी असं नाव दिलं. या धुंदीचा ‘मार्टिनी नियम’ प्रसिद्ध आहे: दर दहा-पंधरा मीटर खाली जाणं म्हणजे रिकाम्या पोटी एकेक पेला मार्टिनी. ना ड्राय डे, ना परमिट, ना अबकारी खातं. आणि वर आलं की ताबडतोब उतरते, दुसऱ्या दिवशी डोकंही धरत नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी सभ्य माणसांनी आयुष्यभर मनात बाळगलेली ही योजना आहे. अडचण एकच. या धुंदीत माणूस शेजारून जाणाऱ्या माशाला हवेची गरज आहे असं समजून स्वतःच्या तोंडातला रेग्युलेटर काढून त्याला देऊ करील, असं कुस्तोनेच लिहून ठेवलंय. जमिनीवर प्यायलेला माणूस फार तर घड्याळ काढून देतो. साडूंची परवानगी अठरा मीटरची, म्हणजे जेमतेम एक पेला. आणखी पाच डाइव्ह करण्याचा त्यांचा आग्रह मला आता समजू लागला आहे.

दुसरं गोड नाव ‘बेंड्स’. खोलात राहिल्यावर नायट्रोजन रक्तात आणि चरबीत विरघळून बसतो. सावकाश वर आलं तर तो श्वासावाटे निघून जातो. घाईने आलं तर गोटी सोड्याची गोळी आत ढकलल्यावर बाटलीत जे होतं ते सांध्यांत, मणक्यात, कधी मेंदूत होतं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत मोठे पूल बांधताना नदीच्या तळाशी दाबाच्या हवेत मजूर खोदत. ‘काइसन’ नावाच्या, तळ नसलेल्या मोठ्या पेट्या पाण्यात उतरवत आणि त्यांत ही माणसं राबत. संध्याकाळी वर आल्यावर सांधे धरून ती वाकडी चालत. त्या काळी फॅशनवाल्या बायका कमरेत पुढे झुकून एका खास ढबीत चालायच्या, तिला ‘ग्रीशियन बेंड’ म्हणत. मजुरांनी एकमेकांना त्यावरून चिडवलं आणि त्या चिडवण्याचं पुढे वैद्यकातलं नाव झालं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा मुख्य इंजिनियर वॉशिंग्टन रोब्लिंग यालाच 1872 साली या दुखण्याने गाठलं. 1883 मध्ये पूल पुरा होईपर्यंत त्याचे निरोप घेऊन साइटवर जायचं, हिशेब आणि इंजिनियर सांभाळायचे, हे त्याच्या बायकोने, एमिलीने केलं. बडी असावा तर असा.

या दुखण्याचे पोटभेद तर आणखी लडिवाळ. किरकोळ ठणका असेल तर ‘निगल्स’. अंगावर चट्टे उठले तर ‘स्किन बेंड्स’. तोल गेला तर ‘स्टॅगर्स’. छातीत अडकलं तर ‘चोक्स’, आणि तिथे माणूस मरू शकतो. वरच्या हुद्द्याचा शब्द अजून पुढेच आहे. सगळे नियम पाळले, वेळ पाळली, खोली पाळली, तरी कधीकधी बेंड्स होतात. अशा रुग्णाच्या बाबतीत डायव्हर म्हणत आले आहेत, ‘अनडिझर्व्ड हिट’. त्याच्या लायकीचा नसलेला फटका! याचा सरळ अर्थ, बाकीच्यांना बसतो तो लायकीप्रमाणे. कर्माचा सिद्धांत आपल्याकडून निघाला असं आपण समजतो. तो पाण्याखालीही स्वतंत्रपणे सापडलेला दिसतो, आणि तिथेही त्याला अपवाद सापडल्यावर लोक असेच गोंधळले.

या सगळ्यावर उपाय शोधला जे. बी. एस. यांच्या वडिलांनी, जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी. ब्रिटिश नौदलासाठी त्यांनी शेळ्या दाबाच्या टाकीत घातल्या. त्यांना वेगवेगळ्या वेगाने ‘वर’ आणलं आणि कोणती शेळी पुढचा पाय उचलून धरते ते पाहिलं. त्यावरून 1908 साली त्यांनी कोष्टकं छापली: किती खोल, किती वेळ, आणि वर येताना कुठे किती थांबायचं. आज मनगटावरचा संगणक तोच हिशेब करतो. साधी डाइव्ह असली तरी वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, त्याला ‘सेफ्टी स्टॉप’ म्हणतात. डाइव्ह झाल्यावर लगेच विमानातही बसायचं नाही. वर हवेचा दाब कमी, आत नायट्रोजन शिल्लक. एकाहून जास्त डाइव्ह केल्या असतील तर अठरा तास थांबावं असं सांगतात. श्री विजयपुरमला, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरला, सेल्युलर जेलमध्ये भक्तिभावाने फिरणाऱ्या काही पर्यटकांच्या मागे इतिहास नसून नायट्रोजन असतो.

आता प्रश्न असा की भीतीच्या गोष्टींना ही अशी खेळकर नावं का? मला वाटतं, याचं उत्तर आपल्या माजघरात आहे. रात्री साप म्हणायचं नाही, ‘जनावर’ किंवा ‘लांबडं’ म्हणायचं. गाव ओस पाडणाऱ्या रोगाला ‘देवी’ म्हणायचं. बांगडी फुटत नाही, ‘वाढवते’. दिवा विझत नाही, ‘शांत होतो’. आणि उंबरठा ओलांडणाऱ्याने ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं. ज्याच्यापुढे आपलं काही चालत नाही त्याला नावाने हाक मारायची नाही, हा शहाणपणा जगभर एकच आहे. समुद्रावरच्या माणसांना त्याची जास्त गरज पडली. ज्या वस्तू आपल्या हाताने घडवल्या आणि ज्यांचा बोल्ट आपल्याला फिरवता येतो, त्यांना ऑक्टोपस म्हणा, पर्ज म्हणा, काही बिघडत नाही. ज्याचा बोल्ट आपल्या हातात नाही, त्याला निगल्स म्हणून चुचकारायचं.

हाच न्याय लाजेच्या गोष्टींनाही लावलेला आहे. पाण्यात उतरलं की गारव्याने आणि दाबाने हातापायांतलं रक्त शरीराच्या मध्यभागी सरकतं. शरीराला वाटतं, पाणी फार झालं. मूत्रपिंडं कामाला लागतात. होडी लांब, सूट अंगाला घट्ट. याचं नाव ‘इमर्शन डाययुरेसिस’. असं भारदस्त नाव मिळाल्यावर लाजायचं कशाला? वेटसूटमध्ये लघवी करणारे आणि ‘मी नाही केली’ म्हणून खोटं बोलणारे असे डायव्हरांचे दोनच प्रकार असतात, ही त्या जगातली जुनी म्हण. साडूंना मी विचारलं. त्यांनी विषय बदलला आणि कासवांकडे नेला. सकाळी भरपेट घावणे खाऊन लाटांवर डुलणाऱ्या होडीत पोट उलटलं तर तेही ‘ओकलो’ म्हणत नाहीत, ‘फीडिंग द फिश’ म्हणतात. दानधर्मच.

कासवांचीही गंमत आहे. मास्कच्या काचेतून पाण्यात सगळं सुमारे एकतृतीयांश मोठं दिसतं. त्यामुळे मासेमाऱ्याच्या बाबतीत जी थाप ठरते, ती डायव्हरच्या बाबतीत प्रकाशशास्त्र ठरते. “तीन फुटी कासव होतं!” असं साडू दोन्ही हात पसरून सांगतात, आणि मी मनातल्या मनात ते सव्वादोन फुटांचं करून घेतो. पुन्हा ही सगळी नोंद ‘लॉगबुक’मध्ये असते, खाली बडीची सही. बडी म्हणजे बायको. तिने सही केली आहे, पण कासवाच्या पुढे कंसात बारीक प्रश्नचिन्ह घातलं आहे.

दोन डाइव्हच्या मधल्या वेळाला ‘सरफेस इंटरव्हल’ म्हणतात. त्या वेळात चहा प्यायचा, बिस्किटं खायची आणि नायट्रोजन बाहेर जाऊ द्यायचा. साडूंचा सध्याचा सरफेस इंटरव्हल हॅवलॉकहून परतल्यापासून चालू आहे. त्यात एक बढती, मुलाची बारावी आणि गृहकर्जाचे हप्ते येऊन गेले. कसं चाललंय विचारलं की म्हणतात, “काही नाही हो, इंटरव्हल.”

पण या अख्ख्या परिभाषेत एक नियम असा आहे की ज्याला भीतीचं नाव नाही आणि लाडाचंही नाही. ‘एनी डायव्हर कॅन कॉल एनी डाइव्ह, अ‍ॅट एनी टाइम, फॉर एनी रीझन.’ कोणीही, केव्हाही, कशासाठीही अंगठा वर करावा. डाइव्ह तिथेच संपली. कारण विचारायचं नाही, समजूत घालायची नाही, ‘पाच मिनिटांसाठी काय एवढं’ म्हणायचं नाही. वर आल्यावरसुद्धा टोमणा मारायचा नाही. कितीही मोठा प्रशिक्षक असो, कालच्या नवशिक्याचा अंगठा वर गेला की त्याला मुकाट्याने वर यावं लागतं. मला मराठी समाजात असा एकही नियम आठवत नाही. आपल्याकडे पाहुण्याला ‘निघतो’ म्हटल्यापासून दारापर्यंत पोहोचायला पाऊण तास लागतो, आणि ‘थोडा बसा की’ला अपील नाही.

आमच्या मेहुणीने तो नियम जमिनीवर आणला. परवा घराण्यातल्या एका लग्नाच्या रिसेप्शनला आम्ही चौघं स्टेजच्या रांगेत उभे होतो. रांग सरकत नव्हती, आहेराचं पाकीट हातात घामेजलं होतं, आणि साडू पुढच्या अनोळखी गृहस्थांना नायट्रोजन समजावून सांगत होते. ते गृहस्थ पंजा आडवा धरून हलवत होते, पण ती खूण आहे हे त्यांना माहीत नव्हतं. तेवढ्यात मेहुणीने नवऱ्याच्या डोळ्यांसमोर अंगठा वर केला. साडू वाक्याच्या मध्यावर थांबले. का म्हणून विचारलं नाही, कुरकुरले नाहीत, वळले आणि दाराकडे चालू लागले.

मी बायकोकडे पाहिलं. “बघ, किती शिस्त आहे!”

“हो ना,” ती म्हणाली आणि तिनेही अंगठा वर केला.

मी म्हटलं, “अगं, पण जेवण?”

“कारण विचारायचं नसतं,” ती म्हणाली.